पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये

नायगाव, मुंबई
रविवार, सकाळ

आदरणीय नाना,

आपणांस आणि वहिनींना सीतारामचा सविनय जयभीम. तुमचा डावा गुडघा आता पायऱ्या चढू देतो का, वहिनींचा खोकला थांबला का, आणि विहिरीवरच्या पंपाने या वर्षी तरी माणसासारखं वागायचं ठरवलं आहे का, हे सर्व सविस्तर कळवावे. एवढं विचारून झाल्यावर ‘इकडे सर्व कुशल’ असं लिहायची रीत आहे. ते मी पत्राच्या शेवटाकडे लिहिणार आहे. आधीच लिहून टाकलं तर तुम्ही चष्मा काढून ठेवाल, पुढचं वाचणार नाही, आणि तुमच्या बहिणीचं काय झालं ते दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकाल. (दुसरं कुणीतरी म्हणजे आमच्या इमारतीतले विनीत मोहिते. त्यांची सासुरवाडी तुमच्या महाडचीच आहे आणि त्यांच्या तोंडाला झाकण नाही.) त्यांच्याकडून काही कानावर आलं असेल तर ते बाजूला ठेवा आणि आधी माझी बाजू ऐका. फोन न करता पत्र का, असं विचाराल. एक तर फोनवर तुम्ही मला मध्येच तोडता, आणि दुसरं म्हणजे मागच्या आठवड्यातल्या गुरुवारपासून आमच्या घरात चार्जरला हात लावायची मला बंदी आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, माझी उभी नोकरी पोलिसांच्या वायरलेस वर्कशॉपात गेली. (लग्न जुळवताना तुम्ही ‘मुलगा पोलिसात आहे’ एवढंच सगळ्यांना सांगितलंत आणि मांडवात लोक माझी वर्दी शोधत होते, तो विषय आज नको.) माझं काम बॅटऱ्यांचं. त्या काळी वॉकीटॉकीला निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत, आणि ही जात मोठी चिवट, पण मनात धरून बसणारी. (जात हा शब्द मी फक्त बॅटऱ्यांच्या बाबतीत वापरतो, हे तुम्हाला सांगायला नको.) रोज अर्धी वापरून पुन्हा चार्जिंगला लावली की काही दिवसांनी तिला तेवढंच आठवतं. उरलेला अर्धा भाग तिच्यात असतो, पण तो आपल्याला द्यायचा आहे हेच ती विसरते. वरून भरलेली दिसते, आणि सहा डिसेंबरच्या बंदोबस्तात, शिवाजी पार्कच्या गर्दीत, ऐन वेळी सेट मुका होतो. म्हणून आम्ही प्रत्येक बॅटरीला बल्ब लावून आधी तिला पार उतरवायचो आणि मगच चार्ज करायचो. वर्कशॉपच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने मी स्वतः पाटी रंगवली होती: ‘पूर्ण उतरल्याशिवाय चार्ज करू नये.’ निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी काय हवं ते विचारलं, मी ती पाटी मागून घेतली. चाळीत ती मोरीच्या दारावर टांगलेली तुम्ही पाहिली आहे. नव्या घरात ती स्वयंपाकघरातल्या प्लगच्या वर आहे. म्हणजे होती.

चाळ पाडून उभ्या राहिलेल्या या इमारतीत आम्हाला अठरावा मजला लागला. सोसायटीची कमिटी झाली तेव्हा वायरलेसवाला माणूस म्हणून मला तांत्रिक सभासद केलं आणि मी ती जबाबदारी मनावर घेतली. आमच्या लिफ्टला संकटकाळची एक पेटी आहे. वीज गेली की त्या पेटीतल्या बॅटऱ्या लिफ्टला हळूच जवळच्या मजल्यापर्यंत नेतात आणि दार उघडून देतात. आतला दिवा, पंखा आणि बाहेरच्याशी बोलायचा इंटरकॉमही त्यांच्यावरच. शिवाय इमारतीला जनरेटर आहे, आणि त्याला सुरू करायला आणखी एक जाडजूड बॅटरी आहे. या सगळ्या नुसत्या भरून पडून राहणार, कुणी त्यांना वापरणार नाही, हे पाहून मला स्वस्थ बसवेना. म्हटलं, या एक दिवस सगळं विसरून बसणार. म्हणून दर महिन्याला मी आणि वॉचमन रघु मिळून त्यांचं चार्जिंग बंद करायचो आणि बल्ब लावून, बल्ब पार विझेपर्यंत, त्यांना उतरवायचो आणि मगच पुन्हा चार्ज करायचो. कमिटीने टाळ्या वाजवून माझं अभिनंदन केलं होतं. (अभिनंदनाचा ठराव विनीत मोहित्यांनीच मांडला होता, हे ते सोयीस्करपणे विसरले आहेत.) घरातही तोच नियम. मोबाईल आपोआप बंद पडल्याशिवाय चार्जरला लावायचा नाही. आमचा मुलगा संघर्ष बँकेच्या ट्रेनिंगसाठी नागपूरला असल्यामुळे तो सुटला. सूनबाई दीपिका लोअर परळच्या ऑफिसचं काम निम्मे दिवस घरूनच करते आणि माझ्यासमोर नियम पाळते. कमलही पाळायची, पण कुरकुरत.

तर त्या गुरुवारी दुपारी जेवायची वेळ झाली होती. कमलला जेवणाआधी इन्शुलिनची सुई घ्यावी लागते हे तुम्हाला माहीत आहे. सुई घेतली की लगेच पानावर बसायचं, हा डॉक्टरांचा दंडक. सुई घेऊन उपाशी राहिलं तर रक्तातली साखर खाली येते, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं अडखळतं आणि शेवटी माणूस बेशुद्ध पडतो, असं त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून बजावलं आहे. कमलने सुई घेतली. भात झाला होता, आमटीला उकळी यायची होती. तेवढ्यात ती बाहेर येऊन महिला मंडळाचं काहीतरी सांगू लागली. मी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून त्यांची टोकं पुसत होतो, म्हणून मी ‘हं’ म्हटलं. ती म्हणाली, खाली हॉलमध्ये मंडळाची नम्रता नावं लिहून घेतेय, ती निघायच्या आत नाव सांगून येते, आल्यावर बसते जेवायला. मी पुन्हा ‘हं’ म्हटलं. जाताना तिने मोबाईल माझ्यासमोर धरला, अगदी थोडं उरलंय, जरा लावून ठेवू का म्हणाली. मी म्हटलं, उतरू दे. तेव्हा ती मोबाईल टेबलावरच टाकून गेली. लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज मी बसल्या जागी ऐकला. आणि जरा वेळाने पंखा थांबला.

वीज गेल्याचं मला पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. उलट थोडा आनंदच झाला, तुमच्यापासून कशाला लपवू. एवढी तयारी केलेली, आता तिचं चीज होणार होतं. आता पेटी लिफ्टला मजल्यावर नेईल, आता जनरेटर घरघरायला लागेल, असं म्हणत मी कान देऊन उभा राहिलो. काहीच झालं नाही. (रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली होती, हे नंतर कळलं.) मग खालून, बऱ्याच खालून, पत्र्यावर थापा मारल्यासारखा आवाज येऊ लागला. लिफ्टमध्ये कमल होती. आत जाऊन पाहिलं तर भाताच्या पातेल्यावरचं झाकण तसंच होतं. तिने एक घासही खाल्लेला नव्हता.

जिना आतल्या बाजूला असल्याने भर दुपारी काळोख. कपाटातून टॉर्च काढला. त्यात निकेल-मेटल हायड्राइडचे सेल आहेत. हे निकेल-कॅडमियमचे धाकटे भाऊ, मनात धरून बसण्याची खोड यांना पुष्कळ कमी, आणि भरले की पोट मोठं. मी ते रीतसर उतरवून, रीतसर भरून, जपून ठेवले होते. बटण दाबलं तर लाल ठिपकासुद्धा उमटेना. हे सेल नुसते पडून राहिले तरी आपल्याआपणच रिकामे होत जातात. (हे मला ठाऊक होतं. ठाऊक असणं वेगळं आणि कपाट उघडून बघणं वेगळं.) मग कठडा धरून उतरायला लागलो. प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला कान लावायचा, कमल म्हणून हाक मारायची, उत्तर नाही की पुढचा मजला. माझं वय काय, माझे गुडघे काय, आणि हाका मारायला अंगात वारं कुठून आलं, मला माहीत नाही. बाराव्या मजल्यावर दारामागून आवाज आला, ‘ओरडू नका. मी काय बहिरी नाय.’ तो आवाज ऐकून मला एवढं बरं वाटलं की मी थोडा वेळ काही बोललोच नाही. त्यावर ती म्हणाली, ‘गेलात काय?’

मी रघुला फोन लावायला खिशातून मोबाईल काढला. त्यावर थोडं चार्जिंग दिसत होतं, पण नंबर दाबेपर्यंत तो काळाठिक्कर पडला. या लिथियमच्या बॅटऱ्यांना रोज शून्यापर्यंत ओढलं की त्या लवकर म्हाताऱ्या होतात आणि मग अंगात जेवढं नाही तेवढं असल्याचं सांगतात. (हेही नंतर कळलं. त्या दिवशी मी मोबाईलला फक्त शिवी दिली.) तेवढ्यात मागोमाग दीपिका खाली आली. तिचा मोबाईल जवळजवळ पूर्ण भरलेला होता. मी बघतच राहिलो. ती म्हणाली, ‘पप्पा, मी रोज लावते. तुम्ही दुपारी झोपलात की.’ त्या घटकेला रागवायचं भान नव्हतं, ते मी राखून ठेवलं आहे. तिनेच रघुला फोन केला. रघु म्हणाला, ‘मॅडम, जनरेटरचा सेल्फ मारतोय, पण उचलतच नाय. बॅटरी पार बसलीय. लिफ्टच्या पेटीचा तर दिवापण लागत नाय.’ मग तिने लिफ्टच्या कंपनीला लावला. त्यांचा माणूस माहीमला दुसऱ्या कामावर होता, निघतो म्हणाला. मग अग्निशमन दलाला. ते लगेच निघतो म्हणाले, पण रस्ता खणलेला असल्याने वळसा घ्यावा लागेल. हे सगळं बोलताना ती माझ्याकडे एकदाही बघत नव्हती, आणि नाना, ती न बघणं मला फार लागलं.

आता थोडं शास्त्र सहन करा, कारण त्याशिवाय मी त्या दाराशी काय भोगलं ते कळायचं नाही. बॅटरी संपत येते तेव्हा प्रत्येक जात वेगळी वागते. शिशाची, म्हणजे गाडीत असते ती, आधीपासून इशारा देते. दिवा मंद होत जातो, भोंगा घोगरा होतो, आपल्याला कळतं की आता हिचं भागवलं पाहिजे. निकेलचं तसं नाही. तिच्यावरचा सेट शेवटच्या क्षणापर्यंत खणखणीत बोलतो. समोरच्याला वाटतं सगळं आलबेल आहे, आणि मग एका वाक्याच्या मधोमध आवाज जातो तो जातोच. लिथियमही बरीचशी तशीच. आणि कमलचा आवाज अगदी खणखणीत होता. दीपिका म्हणाली, आईंचा आवाज चांगला आहे, त्या ठीक आहेत. तिला काय सांगणार? मी त्या खणखणीत आवाजानेच गार पडलो होतो. मी विचारलं, घाम येतोय का? ती म्हणाली, पंखा बंद आहे, येणार नाय तर काय. आता हा घाम उकाड्याचा की साखरेचा? विचारलं, हात थरथरतायत का? त्यावर ती म्हणाली, थोडे. नाना, माझ्या आयुष्यात मी हजारो बॅटऱ्या तपासल्या, मीटर लावला की काटा सांगायचा. इथे मधे स्टीलचं दार होतं आणि माझ्या हातात काहीच नव्हतं.

दीपिका हळूच म्हणाली, त्यांना बोलतं ठेवा, म्हणजे शुद्धीवर आहेत हे कळत राहील. म्हणून मी म्हटलं, कमल, बोलत राहा, काहीही बोल. मी दारावर थाप मारली. मग ती म्हणाली, ‘काय बोलू? तुम्ही माझं अर्ध्यापुढं कधी ऐकलंय? अर्ध्यावर हं म्हणता आणि उठता. आता मलापण अर्धंच आठवतं. पुढचं काय सांगायचं होतं तेच आठवत नाय.’

हे ती साखर पडल्यामुळे बोलत होती की माझ्यामुळे, ते मला कळेना. साखरेमुळे असेल तर वेळ थोडा उरला होता. माझ्यामुळे असेल तर वेळ केव्हाच गेला होता. मी तिथेच दाराला पाठ लावून फरशीवर बसलो आणि म्हटलं, पहिल्यापासून सांग, मी उठत नाही. ती सांगू लागली. महिला मंडळाची धम्म सहल निघणार आहे, सारनाथ, बोधगया, कुशीनगर. दिवाळीपासून ती मला सांगायचा प्रयत्न करत होती. एकदा मी मध्येच इनव्हर्टरचा विषय काढला, एकदा झोपलो, आणि त्या दिवशी रिमोट पुसत होतो. तुमच्या आईला बोधगया बघायची फार इच्छा होती आणि त्यांच्या शेवटच्या आजारात कमलने त्यांना शब्द दिला होता, तू नाही तर तुझ्या वाटचं मी जाऊन येईन. एवढ्या वर्षांत हे मला माहीत नव्हतं. (तुम्हाला होतं का? असलं तर तुम्हीही मला कधी बोलला नाहीत.) मग म्हणाली, अठराव्या मजल्यावर तिला करमत नाही, चाळीत शेजारणीच्या दारात बसून तांदूळ निवडता यायचे, इथे कुणाच्या दारात बसायचं? मग म्हणाली, मोबाईलला शून्यावर आणायची गरज नसते हे दीपिकाने तिला कधीच दाखवलं होतं, पण माझी पाटी आहे म्हणून ती गप्प बसली. मी सगळं ऐकलं. एकदाही हं म्हटलं नाही. जा, तू सहलीला जाच, असं मी दाराला तोंड लावून म्हटलं, आणि तोवर मागे गोळा झालेल्या लोकांना ते ऐकू गेलं तरी मला लाज वाटली नाही.

आणि मग बोधगया म्हणताना तिची जीभ अडखळली. एकदाच. पुढे सारनाथ आधी की कुशीनगर आधी, यात ती घोटाळली, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली आणि मध्येच थांबली. मी दीपिकाला म्हटलं, साखर आण.

विनीत मोहिते बाराव्यावरच राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरातून दीपिकाने साखर आणली. बाहेरच्या दाराचे दोन पल्ले मोहित्यांनी आणि मी मिळून ओढून धरले तर खालच्या बाजूला बोट जाईल एवढी फट पडत होती. आतलं दार कमलने कसंबसं तेवढंच सरकवलं. लिफ्ट मजल्यापेक्षा हातभर खाली अडकलेली, आणि दोन दारांच्या मधे खालपर्यंत काळी पोकळी. मी कागदाच्या पुडीत साखर घालून आत ढकलली. पुडी मधल्या मधे खाली गेली. ती पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मग दीपिकाने उलथनं आणलं, मोहित्यांच्या घरचं, पातळ पात्याचं. त्यावर साखर घेतली आणि मी पालथा पडून ते फटीतून सरकवू लागलो. माझा हात एवढा कापत होता की पलीकडे पोचेपर्यंत पात्यावर चार दाणे उरायचे. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. मोहिते म्हणाले, मी करू का? मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मागे सरले. तेवढ्यात आतून, अगदी बारीक आवाजात, पण घरात बोलते त्याच सुरात कमल म्हणाली, ‘साखर नको. सांडताय तुम्ही. गूळ थापा उलथन्यावर.’

गूळ चिकटला. मी उलथनं आत घातलं, खांद्यापर्यंत अंग दाराला दाबलं, आणि पलीकडून पात्याला हलकीशी ओढ बसली. एवढी हलकी की मला आधी भासच वाटला. मग उलथनं परत ओढलं तर पातं रिकामं होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘अजून.’ मी पुन्हा थापलं, पुन्हा घातलं. ती खात होती आणि मी बाहेर पालथा पडून तिच्या चघळण्याचा आवाज ऐकत होतो. हळूहळू तिचे शब्द जागेवर आले. सारनाथ, बोधगया, कुशीनगर, असं तिने स्वतःच म्हणून पाहिलं आणि म्हणाली, आता बरोबर आलं.

अग्निशमन दलाची माणसं लिफ्टवाल्याच्या आधी पोचली. त्यांनी त्यांच्या चावीने बाहेरचं दार उघडलं, आतलं सरकवलं आणि हात देऊन तिला वर घेतलं. ओठांना गूळ, केस विस्कटलेले. बाहेर आल्या आल्या तिने विचारलं, आमटीखालचा गॅस बंद केला का? दीपिकाने केला होता. मी अर्थातच धीर धरून होतो. तिला आधार देऊन मोहित्यांच्या घरात नेलं, तिथेच तिला जेवायला बसवलं, आणि साखर तपासली तेव्हा ती बऱ्यापैकी वर आली होती. संध्याकाळी डॉक्टरांनीही बघून घेतलं. तेव्हा आता रीतीप्रमाणे लिहितो की इकडे सर्व कुशल आहे.

दुसऱ्या दिवशी दीपिकाने जेवणाच्या टेबलावर माझी जुनी वॉकीटॉकीची बॅटरी, तिचा मोबाईल आणि जनरेटरची मेलेली बॅटरी (वर्तमानपत्र अंथरून) अशी मांडली आणि मला समोर बसवलं. ती म्हणाली, जनरेटरची आणि लिफ्टच्या पेटीतल्या, सगळ्या शिशाच्या, आणि शिशाच्या बॅटरीला आठवणीबिठवणीचं काही नसतं. तिला सतत भरलेलं राहायला आवडतं, आणि पार रिकामी केली की आतल्या पत्र्यांवर एक क्षार घट्ट बसत जातो, दर वेळी थोडा जास्त. म्हणजे मी दर महिन्याला तिला औषध म्हणून उपास घडवत होतो. लिथियमलाही आठवण नाही. तिला ना रिकामं आवडतं ना तुडुंब, मधल्यामधे ती सुखी असते, थोडी उतरली की लावावी, भरत आली की काढावी. निकेल-कॅडमियमला मात्र माझा नियम लागू आहे, हे दीपिकाने स्वतः कबूल केलं, आणि ते मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. थोडक्यात, नाना, नियम बरोबरच होता. बॅटऱ्या बदलल्या, त्याला मी काय करणार? पाटीवर ‘निकेल’ हा एक शब्द लिहायचा राहून गेला, एवढीच काय ती गफलत. पाटी सध्या पलंगाखाली आहे. सोसायटीने सगळ्या बॅटऱ्या नव्या घातल्या आणि तांत्रिक सभासदपद विनीत मोहित्यांना दिलं, ज्यांना घरातली ट्यूबलाइट बदलायला शेजारी लागतो.

वहिनींना आणि मुलांना आशीर्वाद व नमस्कार, ज्याला जे लागू असेल ते. उत्तर सावकाश पाठवा, पण पाठवा.

आपला,
सीताराम

ता. क. कमल पुढच्या महिन्यात सहलीला जाणार हे नक्की झालं आहे. मी हो म्हटलं ते मोहित्यांच्या देखत, त्यामुळे आता मागे फिरायची सोयच नाही. फिरायचंही नाही.

ता. क. दुसरा. मूळ काम लिहायचं राहिलं. नाना, तुम्ही तिच्याबरोबर सहलीला जा. आईंची इच्छा होती म्हणजे तो शब्द थोडा तुमच्याकडेही येतो. गुडघ्याचं बघू, पट्टा मी घेऊन देतो. तिच्या सुईच्या वेळा मी स्वच्छ अक्षरात लिहून देईन आणि गूळ मी बांधून देईन, तुम्ही फक्त तिच्यावर लक्ष ठेवा. मला बरोबर न्यायला मंडळाच्या बायका तयार नाहीत, मी विचारलं. लिफ्टचं दार लागल्याचा आवाज झाला की मला अजून घरात बसवत नाही, ती खाली पोचल्याचा फोन येईपर्यंत मी बाहेर उभा असतो. ती एवढ्या लांब गेल्यावर मी कुठे उभं राहू?

ता. क. तिसरा. हे पत्र कमलला दाखवलेलं नाही. तुम्हीही तिच्याजवळ काढू नका.

---

नाना, जयभीम. पाकिटाला डिंक लावायला हे माझ्याकडेच आले, म्हणून वाचलं. बाकी बरोबर लिहिलंय, शेवट तेवढा खोटा. दार उघडलं तेव्हा मी माझ्या पायांनी चालत होते. हेच भिंतीला टेकून बसले होते, सदरा घामाने भिजलेला, तोंडातून शब्द नाही. मोहित्यांकडे यांना मी धरून नेलं आणि उरलेला गूळ त्याच उलथन्याने यांना भरवला. तेव्हापासून रोज संध्याकाळी माझ्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात, बोल, पूर्ण बोल. माझं सांगून केव्हाच संपलं रे. लग्नापासूनचं सगळं झालं, काल तर टीव्हीवरच्या मालिकेची गोष्ट सांगितली, तीही शेवटपर्यंत ऐकली आणि पुढे काय म्हणून विचारलं. तू माझ्याबरोबर येऊ नको. माझ्यासोबत मंडळातल्या सगळ्या बायका आहेत आणि गूळ मी आत्ताच पिशवीत टाकलाय. तू इकडे ये, गुडघा दुखला तरी ये. मी नसताना यांच्यासमोर बसून कुणीतरी बोललं पाहिजे.

कमल